सांत्वनाची ख्रिस्ती गीतं आणि ती लिहिणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणी गेलं की मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, गाणाऱ्यांकडे पहिला निरोप येतो तो गीतांचा: कोणती गायची? दफनविधी आटोपला, पाहुणे पांगले, की मग दुसरा प्रश्न येतो: हे गीत लिहिणाऱ्यावर नेमकं काय ओढवलं होतं? खालचे प्रश्न अशाच निरोपांतून आणि पत्रांतून गोळा केले आहेत. या गीतांभोवती खूप कहाण्या फिरतात. काही खऱ्या आहेत, काही सांगता सांगता बदलत गेल्या आहेत. दुःखातल्या माणसाला आपण जे सांगू ते खरंच असलं पाहिजे, या आग्रहाने उत्तरं लिहिली आहेत.

१. ‘हिम’ आणि ‘गॉस्पेल साँग’ यांत फरक काय? दोन्ही चर्चमध्येच गातात ना?

हो, पण दोन्हींची घडण वेगळी आहे. जुनी ‘हिम्स’ बहुतेक देवाला उद्देशून असतात. चार-सहा कडवी, प्रत्येक कडव्यात विचार एकेक पायरी पुढे जाणारा, आणि ध्रुवपद बहुधा नसतं. ‘गॉस्पेल साँग’ हा प्रकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला. ड्वाइट मूडी उपदेश करायचे आणि आयरा सँकी पेटीवर बसून गायचे, अशा हजारोंच्या संजीवन सभांमध्ये, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या मेळाव्यांमध्ये, ही गीतं पसरली. तिथे लोकांच्या हाती पुस्तक असेलच असं नसे. म्हणून सोपी चाल, लगेच पाठ होणारं ध्रुवपद, आणि ‘मी’, ‘माझा’ असं स्वतःबद्दल बोलणारी भाषा. फिलिप ब्लिस आणि सँकी यांचा पहिला एकत्रित संग्रह १८७५ साली निघाला आणि त्यानंतर त्याचे भाग येत राहिले.

विसाव्या शतकात ‘गॉस्पेल’ म्हटलं की कृष्णवर्णीय अमेरिकन मंडळ्यांमधलं संगीत डोळ्यांसमोर येतं. ती परंपरा वेगळी आहे. तिच्याबद्दल प्रश्न १० पाहा.

रोजच्या बोलण्यात या सगळ्यालाच आपण ‘गीत’ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त निवड करताना हा फरक उपयोगी पडतो. प्रेत घरात असताना, लोक रडत असताना, ध्रुवपद असलेलं गीत सांभाळायला सोपं जातं.

२. ‘इट इज वेल विथ माय सोल’ हे गीत लेखकाने मुली बुडाल्या त्याच जागी, जहाजावर उभं राहून लिहिलं. हे खरं आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी जे पक्कं ठाऊक आहे ते सांगतो.

होरेशिओ स्पॅफर्ड हे शिकागोतले वकील. १८७१ च्या ऑक्टोबरमधल्या शिकागोच्या मोठ्या आगीत त्यांनी जमिनींत गुंतवलेला बराच पैसा बुडाला. दोन वर्षांनी कुटुंबाने युरोपला जायचं ठरवलं. कामामुळे स्पॅफर्ड मागे राहिले. पत्नी ॲना आणि चार मुली, ॲनी, मॅगी, बेसी आणि टॅनेटा, ‘व्हिल द्यु हाव्र’ या फ्रेंच जहाजाने निघाल्या. २२ नोव्हेंबर १८७३ च्या पहाटे अटलांटिकच्या मध्यावर या जहाजाची ‘लॉक अर्न’ या शिडाच्या जहाजाशी टक्कर झाली. अवघ्या बारा मिनिटांत जहाज बुडालं आणि २२६ माणसं गेली. चारही मुली गेल्या. थोरली अकरा वर्षांची होती, धाकटी दोनच. ॲना बेशुद्धावस्थेत सापडली. वेल्समधल्या कार्डिफ बंदरातून तिने नवऱ्याला तार केली, त्याचा आशय असा: एकटीच वाचले, आता काय करू?

स्पॅफर्ड लगेच निघाले. वाटेत ती जागा ओलांडल्याचं त्यांनी एका नातेवाईक स्त्रीला पत्रातून कळवलं आणि लिहिलं, की आपल्या लेकरांचा विचार करताना मी त्या खोल पाण्याचा विचार करत नाही, ती सुरक्षित आहेत. इथवर वाद नाही.

गीत कधी लिहिलं याबद्दल मात्र दोन साक्षी आहेत. नंतर जन्मलेली त्यांची मुलगी बर्था हिच्या सांगण्याप्रमाणे ते त्या प्रवासातच लिहिलं गेलं. सँकी यांच्या आठवणींप्रमाणे १८७६ साली ते स्पॅफर्डांच्या शिकागोतल्या घरी काही आठवडे राहिले होते, तेव्हा ते लिहिलं गेलं. उपलब्ध हस्तलिखित शिकागोच्या एका हॉटेलच्या कागदावर आहे आणि गीत छापलं गेलं १८७६ मध्ये. माझा कल दुसऱ्या साक्षीकडे आहे. जहाजावर पहिले शब्द सुचले असतीलही. पण पूर्ण गीत हाती यायला जवळजवळ तीन वर्षं लागली असतील, तर त्याने गीताचं मोल कमी होत नाही. ज्या आईवडिलांनी मूल गमावलं आहे त्यांना तर मी हेच मुद्दाम सांगतो. ‘बघा, तो त्याच रात्री गायला’ असं ऐकून त्यांच्यावर ओझं येतं. तीन वर्षांनी गायला, हे ऐकून त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

कहाणीत आणखी एक चूक नेहमी सापडते: ‘आधी मुलगा वारला, मग आग लागली, मग मुली गेल्या.’ स्पॅफर्डांचा मुलगा १८७५ मध्ये, म्हणजे जहाजाच्या अपघातानंतर जन्मला, आणि १८८० मध्ये स्कार्लेट फीव्हरने गेला. गीत लिहून झाल्यावरही त्या घराला पुन्हा एकदा लेकराला निरोप द्यावा लागला.

३. त्या गीताची चाल कुणाची? चाल लावणाराही लवकर वारला असं ऐकलं.

चाल फिलिप ब्लिस यांची, आणि त्यांनी तिला नाव दिलं त्या बुडालेल्या जहाजाचं. १८७६ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोत एका सभेत त्यांनी ती गाऊन दाखवली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ओहायोतल्या ॲश्टाब्युला इथे बर्फवृष्टीत रेल्वेचा पूल कोसळला. गाडी नदीत पडली, डब्यांना आग लागली, नव्वदच्या आसपास माणसं गेली. त्यांत ब्लिस आणि त्यांची पत्नी लूसी होती. ब्लिस ३८ वर्षांचे होते.

४. ‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ लिहिणाऱ्याच्या दोन्ही वाग्दत्त वधू लग्नाआधी वारल्या आणि त्या दुःखातून हे गीत आलं. बरोबर?

अर्धं बरोबर. जोसेफ स्क्रिव्हन १८१९ मध्ये आयर्लंडमधल्या बॅनब्रिजजवळ जन्मले, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची वाग्दत्त वधू पाण्यात बुडून गेली असं परंपरेने सांगितलं जातं. त्यानंतर ते कॅनडात गेले आणि ऑन्टारिओमधल्या पोर्ट होप आणि राइस लेक या भागात राहिले. तिथे एलायझा रोश हिच्याशी त्यांचं लग्न ठरलं. तीही आजारपणात गेली, पण ते साल १८६०. गीत मात्र साधारण १८५५ चं मानलं जातं. म्हणजे दुसरा आघात व्हायच्या आधीच ते लिहून झालं होतं.

ते लिहिलं कुणासाठी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आई समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये आजारी होती. मुलाला तिच्याकडे जाता येत नव्हतं, म्हणून त्याने कविता पाठवली. छापण्यासाठी ती नव्हतीच. पुढे ती निनावी छापली गेली आणि बराच काळ लोक ती होरेशियस बोनार या स्कॉटिश गीतकाराची समजत. चाल १८६८ ची, चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन वकील-संगीतकाराची. ज्यांची मुलं आज दुबईत, लंडनमध्ये, टोरँटोत आहेत आणि आईच्या उशाशी बसू शकत नाहीत, त्यांना हे गीत कुठून आलं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्क्रिव्हन पोर्ट होपमध्ये गीतकार म्हणून ओळखले जातच नव्हते. गरीब विधवांची लाकडं मोफत कापून देणारा, अंगावरचे कपडे काढून देणारा माणूस अशी त्यांची ओळख होती.

५. स्क्रिव्हन यांनी आत्महत्या केली होती का? आमच्या घरात तसा मृत्यू झाला आहे. हे गीत गावं का?

१८८६ च्या ऑगस्टमध्ये स्क्रिव्हन फार आजारी होते, मनानेही खचलेले होते. रात्री ते अंथरुणातून उठून बाहेर गेले आणि पाण्यात मृतावस्थेत सापडले. तापाच्या भरात तहान लागून पाण्याकडे गेले आणि पडले, की आणखी काही, ते पाहणारं कुणी नव्हतं. त्यामुळे कुणीही ठामपणे सांगितलं तर मान हलवू नका.

तुमच्या घरचा प्रश्न मात्र स्पष्ट उत्तर मागतो: हो, नक्की गा. या परंपरेतलं एक थोर गीत तर अशाच अंधारात उभ्या असलेल्या माणसाचं आहे. विल्यम कूपर हे अठराव्या शतकातले मोठे इंग्रज कवी. त्यांना आयुष्यभर तीव्र नैराश्याचे झटके येत आणि त्यांनी एकाहून अधिक वेळा जीव देण्याचा प्रयत्न केला. ‘गॉड मूव्ह्ज इन अ मिस्टीरियस वे’ हे गीत त्यांनी १७७३ च्या सुरुवातीला, अशाच एका मोठ्या झटक्याच्या तोंडावर लिहिलं. कूपर जीव द्यायला निघाले, धुक्यात गाडीवाला रस्ता चुकला आणि घरी परत आल्यावर त्यांनी हे गीत लिहिलं, अशी एक गोष्ट सांगतात. तिला आधार नाही. गीत लिहून ते बरेही झाले नाहीत. आजार १८०० साली मृत्यू येईपर्यंत पाठीशी राहिला. त्यांचे शेजारी, मित्र आणि गावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जॉन न्यूटन यांनी त्या दिवसांत त्यांना वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. पाळकांनी अशा घराशी कसं वागावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि घरात कुणाच्या मनात आज असे विचार येत असतील तर गीतावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, माणसाला एकटं ठेवू नका.

६. फॅनी क्रॉस्बी यांनी खरंच आठ हजार गीतं लिहिली? आणि आंधळ्या असूनही?

हो, आकडा आठ हजारांच्या वर सांगितला जातो. एकाच संग्रहात एकाच बाईची इतकी गीतं दिसू नयेत म्हणून प्रकाशक त्यांची वेगवेगळी टोपणनावं वापरत, अशी सुमारे दोनशे नावं होती. त्यामुळे नेमकी मोजदाद अवघड झाली आहे.

फ्रान्सेस जेन क्रॉस्बी यांचा जन्म २४ मार्च १८२० चा, न्यूयॉर्क राज्यातला. सहा आठवड्यांच्या असताना डोळे आले. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाने गरम लेप लावला आणि दृष्टी गेली, असं त्या स्वतः सांगत. पुढे न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. त्यांचे पती अलेक्झांडर व्हॅन ॲल्स्टाइन हेही अंध संगीतकार होते. गीतामागे त्यांना एक-दोन डॉलर मिळत. नाव सगळीकडे झालं तरी राहणं साधंच राहिलं, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मिशनमध्ये त्या अनेक वर्षं जात राहिल्या.

सांत्वनासाठी त्यांचं सर्वांत जास्त गायलं गेलेलं गीत म्हणजे ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’, साल १८६८. संगीतकार विल्यम डोन चाल घेऊन आले. त्यांची गाडी सुटायला जेमतेम पाऊण तास होता. चाल ऐकून क्रॉस्बी आतल्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासात शब्द सांगितले. इतक्या घाईत असं गीत कसं झालं, याचं उत्तर कदाचित नऊ वर्षं मागे आहे. त्यांना एकच मूल झालं होतं आणि ते तान्हेपणीच गेलं. त्याबद्दल त्या फारसं कधी बोलल्या नाहीत.

७. तान्ह्या बाळाच्या दफनविधीला कोणतं गीत योग्य?

वर सांगितलेलं क्रॉस्बींचं गीत (प्रश्न ६) नेहमी निवडलं जातं आणि ते योग्यच आहे. कडवी दोनच घ्या. आईला पुढे बसवून सगळी कडवी गात राहणं तिच्यासाठी फार लांब होतं. ‘इट इज वेल’ मी या प्रसंगी स्वतःहून सुचवत नाही. आईवडिलांनी मागितलं तरच. ‘सगळं ठीक आहे’ हे त्यांच्या वतीने दुसऱ्याने म्हणायचं नसतं.

८. ‘अबाइड विथ मी’ हे संध्याकाळचं गीत की मरणाचं? आपल्याकडे ते बीटिंग रिट्रीटला वाजायचं ना?

दोन्ही, कारण त्यात संध्याकाळ हीच आयुष्याची संध्याकाळ आहे. मूळ प्रसंग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातला. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं अनोळखी सोबत्याला म्हणतात, आमच्याबरोबर राहा, दिवस उतरला आहे.

हेन्री फ्रान्सिस लाइट हे डेव्हनमधल्या ब्रिक्सम या कोळ्यांच्या गावी वीसहून अधिक वर्षं पाळक होते. छातीच्या रोगाने पोखरलेले. १८४७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा उपदेश करून त्यांनी त्या संध्याकाळी हे गीत घरच्यांच्या हाती दिलं, अशी कुटुंबाची आठवण आहे. ते त्याच दिवशी लिहिलं की काही दिवस आधी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लाइट हवापालटासाठी निघाले आणि २० नोव्हेंबर १८४७ ला आजच्या फ्रान्समधल्या नीस इथे वारले. आज गातो ती ‘इव्हनटाइड’ ही चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ ची. लाइट यांनी ती कधी ऐकलीच नाही.

गांधीजींचं हे आवडतं गीत. दर वर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या अखेरीला लष्करी बँड ते वाजवत. २०२० मध्ये ते वगळणार अशी बातमी आली, पण त्या वर्षी आणि २०२१ मध्येही ते वाजलं. २०२२ पासून ते कार्यक्रमात नाही; त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. ख्रिस्ती नसलेल्या कितीतरी मराठी घरांनी हे गीत ऐकलं ते दूरदर्शनवरच्या त्या संध्याकाळीच. म्हणून त्याचं जाणं मला आजही लागतं.

९. गांधीजींचं आवडतं ‘लीड काइंडली लाइट’ होतं की ‘अबाइड विथ मी’?

दोन्ही. ‘लीड काइंडली लाइट’ हे जॉन हेन्री न्यूमन यांचं, १८३३ च्या जूनमधलं. सिसिलीत ते तापाने मरता मरता वाचले होते. परतताना संत्री वाहून नेणाऱ्या जहाजात होते आणि कॉर्सिका-सार्डिनियामधल्या सामुद्रधुनीत वारा पडून जहाज थांबलं, तिथे ही कविता झाली. न्यूमन तेव्हा अँग्लिकन पाळक होते. पुढे १८४५ मध्ये ते कॅथलिक झाले, कार्डिनल झाले आणि २०१९ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं. गांधीजींच्या प्रार्थनांत नरसिंहराव दिवेटिया यांचं ‘प्रेमळ ज्योति’ हे गुजराती रूप गायलं जाई. या गीतात मरणाचा उल्लेख शेवटी, ओझरता येतो. पुढचं सगळं दिसत नाही, एकच पाऊल दिसू दे, एवढीच मागणी. लांबलेल्या आजारपणात, रुग्णाच्या उशाशी, हे फार उपयोगी पडतं.

१०. ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ लिहिणारे थॉमस डॉर्सी म्हणजे ते प्रसिद्ध जॅझ बँडवाले टॉमी डॉर्सीच का?

नाही. ही गल्लत इतकी पसरली आहे की गीतांच्या कार्यक्रमांत निवेदकसुद्धा करतात. टॉमी डॉर्सी हे गोरे ट्रॉम्बोनवादक. हे थॉमस अँड्र्यू डॉर्सी, १८९९ मध्ये जॉर्जिया राज्यात जन्मलेले कृष्णवर्णीय पियानोवादक. तरुणपणी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लौकिक संगीत, वाजवत, गायिका मा रेनी यांच्या साथीला असत. नंतर त्यांनी ब्लूजची लय आणि स्वरांची वळणं मंडळीच्या गाण्यात आणली. अनेक चर्चनी सुरुवातीला त्यांना दारातूनच परत पाठवलं.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ते शिकागोहून सेंट लुइसला संजीवन सभांत वाजवायला गेले. पत्नी नेटीचे दिवस भरत आले होते. सभा चालू असतानाच हातात तार आली: पत्नी बाळंतपणात गेली. घरी पोचले तर मुलगा झाला होता. थोड्याच वेळात तोही गेला. आई आणि बाळ एकाच पेटीत पुरले गेले. डॉर्सींनी पुढे सांगितलं, की देवाने आपल्यावर अन्याय केला असं त्यांना वाटलं आणि गॉस्पेल सोडून पुन्हा ब्लूजकडे जायचं त्यांच्या मनात आलं. काही दिवसांनी मित्र थिओडोर फ्राय यांच्यासोबत पियानोपाशी बसले असताना एका जुन्या चालीवर बोटं फिरली आणि शब्द आले. ती चाल ‘मेटलंड’, एकोणिसाव्या शतकातल्या एका हिमची.

यातला राग मला वगळावासा वाटत नाही. हात धर, मी थकलोय, मी दुबळा आहे, असं म्हणणाऱ्या या गीतात विजयाची भाषा जवळजवळ नाहीच. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोळी लागण्याच्या काही क्षण आधी वादक बेन ब्रांच यांना त्या रात्रीच्या सभेत हेच वाजवायला सांगितलं होतं. किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी ते गायलं.

११. टायटॅनिक बुडताना ‘निअरर, माय गॉड, टू दी’ वाजत होतं, हे खरं की दंतकथा?

वाचलेल्या अनेकांनी ते ऐकल्याचं सांगितलं. बिनतारी यंत्रावर काम करणारे हॅरॉल्ड ब्राइड यांनी ‘ऑटम’ हे दुसऱ्याच सुरावटीचं नाव घेतलं. निर्विवाद निकाल लागणं आता शक्य नाही. त्यात भर म्हणजे या शब्दांना तीन प्रसिद्ध चाली आहेत: अमेरिकेत लोवेल मेसन यांची, इंग्लंडमध्ये डाइक्स यांची, आणि मेथडिस्ट पंथात आर्थर सलिव्हन यांची ‘प्रोपिअर डेओ’. बँडप्रमुख वॉलेस हार्टली मेथडिस्ट घरातले, त्यांचे वडील गायनवृंदाचे प्रमुख. घरच्यांची खात्री होती की वाजवलं असेल तर सलिव्हन यांचीच चाल. इंग्लंडमधल्या कोल्न गावातल्या त्यांच्या स्मारकावर तिचेच सुरुवातीचे स्वर कोरले आहेत. आठही वादक गेले, एवढं मात्र खरं.

शब्द सेरा फ्लॉवर ॲडम्स यांचे, १८४१ चे. उशाला दगड घेऊन झोपलेल्या याकोबाला स्वप्नात शिडी दिसते, तो उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायातला प्रसंग. ॲडम्स युनिटेरियन होत्या, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणाऱ्या. ‘मग आम्ही गावं का?’ याचं उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. ‘ओ लव्ह दॅट विल्ट नॉट लेट मी गो’ हे, आंधळेपणामुळे वाग्दत्त वधूने सोडलं म्हणून जॉर्ज मॅथेसन यांनी लिहिलं?

त्यांनी तसं कधीच सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच: ६ जून १८८२, स्कॉटलंडमधल्या इनेलन इथलं पाळकाचं घर, बहिणीचं लग्न म्हणून घरचे सगळे ग्लासगोत, आपण एकटे. आणि फक्त आपल्यालाच ठाऊक असलेल्या एका गोष्टीने मनाला तीव्र यातना झाल्या. गीत पाच मिनिटांत झालं. ती गोष्ट कोणती हे त्यांनी झाकून ठेवलं. आपणही ते झाकलेलंच राहू द्यावं.

१३. प्रत्येक मोठ्या गीतामागे शोकांतिका असतेच का?

मुळीच नाही. ‘ग्रेट इज दाय फेथफुलनेस’ घ्या. थॉमस चिझम यांनी विमा एजंट म्हणून बराच काळ काम केलं; तब्येत नाजूक, मिळकत बेताची. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे गीत कुठल्याही एका आपत्तीतून आलेलं नाही. रोज सकाळी देवाची दया नवी होते हे विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन, आणि बरीच वर्षं जगून आलेला अनुभव. चाल विल्यम रनियन यांची.

‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’ची गोष्टही अशीच साधी. सिव्हिला मार्टिन यांची एका जोडप्याशी ओळख झाली होती. पत्नी वीसेक वर्षं अंथरुणाला खिळलेली, पती चाकांच्या खुर्चीवर, आणि तरी घर आनंदी. असं कसं, हे विचारल्यावर पत्नीने चिमणीवरही त्याची नजर आहे असं उत्तर दिलं. साल १९०५.

१४. गीतकाराचं आयुष्य किंवा मत पटण्यासारखं नसेल तर गीत गावं का?

हा प्रश्न तीन नावांवरून येतो.

पहिलं जॉन न्यूटन. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा हा माणूस गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. १७४८ च्या वादळात त्याचं मन वळलं, पण धंदा त्याच दिवशी सुटला नाही. पुढेही काही वर्षं, १७५४ पर्यंत, तो गुलामांची जहाजं चालवत राहिला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड लिहिलं ते १७८८ मध्ये. मंडळीत सांगताना ही मधली वर्षं गाळू नका. गुलामांचं काय झालं हे न सांगता फक्त कप्तानाच्या तारणाची गोष्ट सांगणं अन्यायाचं आहे.

दुसरं स्पॅफर्ड. १८८१ मध्ये ते आणि ॲना एका छोट्या गटासह यरुशलेमला गेले. तिथे त्यांनी उभारलेल्या वसाहतीच्या शिकवणीवर आणि कडक शिस्तीवर बरीच टीका झाली. त्याच वसाहतीने पहिल्या महायुद्धात भुकेल्यांना जेवू घातलं आणि जखमींची सेवा केली. स्पॅफर्ड १८८८ मध्ये मलेरियाने तिथेच वारले.

तिसरं ॲडम्स, जिचा उल्लेख वर आला.

माझं मत असं: गीत मंडळीने स्वीकारलं की त्यातले शब्द वचनाशी जुळतात का, एवढंच पाहावं. चरित्र लपवू नये आणि चरित्रासाठी गीत टाकूही नये. एखाद्या मंडळीला तरीही जड वाटत असेल तर गीतं भरपूर आहेत, दुसरं घ्यावं.

१५. ही सगळी परदेशी गीतं झाली. मराठीत मूळची सांत्वनाची गीतं नाहीत का?

आहेत, आणि दुःखात मराठी माणसाला तीच आधी आठवावीत असं मला मनापासून वाटतं. शाळेत ‘क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे’ ही बाणाने जखमी झालेल्या पक्षिणीची कविता जवळजवळ प्रत्येकाने वाचली आहे. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये कोकणात जन्म, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, नंतर अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ही कर्मभूमी, आणि १९१९ मध्ये मृत्यू. त्यांच्याही आधी कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी मराठी वळणाची ख्रिस्ती पदं लिहिली होती. पण अभंग, ओवी आणि भजन यांचा सूर मंडळीच्या पुस्तकात कायमचा रुजवला तो टिळकांनी. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं.

टिळक प्रभूला माउली म्हणतात. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या कानाला त्यात काहीच परकं वाटत नाही. आजारी माणसाजवळ, टाळ-पेटीवर, हळू आवाजात हे अभंग जसे बसतात तशी भाषांतरित गीतं बसत नाहीत. त्याला कारण आहे: इंग्रजी चाली आघातावर चालतात, मराठी शब्द मात्रांवर. भाषांतरात ऱ्हस्व अक्षर लांबवावं लागतं आणि अर्थ तुटतो. काही भाषांतरं सुरेख जमली आहेत, पण गाऊन पाहिल्याशिवाय निवडू नका. उलट दिशेनेही प्रवास झाला आहे: टिळकांची पदं पुण्यात काम केलेल्या निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेली आणि ती परदेशी गीतसंग्रहांत छापली गेली.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना विसरू नका. पतीने अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी वैधव्यात पूर्ण केलं.

१६. स्मरणपत्रिकेत गीत छापायचं आहे, यूट्यूबवर टाकायचं आहे. परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. लाइट, स्क्रिव्हन, स्पॅफर्ड, ब्लिस, क्रॉस्बी, टिळक यांचे मूळ शब्द आणि चाली मोकळ्या आहेत. चिझम १९६० मध्ये वारले, म्हणजे त्यांचे शब्दही आता मोकळे. डॉर्सी १९९३ मध्ये वारले, त्यामुळे ‘प्रेशस लॉर्ड’ला परवानगी लागते.

फसगत होते ती दोन ठिकाणी. मूळ गीत मोकळं असलं तरी नवं मराठी भाषांतर भाषांतरकाराचं असतं. आणि कुणाच्या तरी ध्वनिमुद्रणाचे हक्क स्वतंत्र असतात. ते उचलून चित्रफितीला लावू नये. घरच्यांनी गायलेलं वापरा.

१७. मी विधवा झाले त्याला वर्ष झालं. ही गीतं मला गाता येत नाहीत, शब्द खरे वाटत नाहीत. माझा विश्वास कमी आहे का?

ताई, नाही. बायबलमधलंच ८८ वं स्तोत्र उघडा. ते शेवटपर्यंत वर येत नाही, अंधारावरच संपतं, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच तिथे ठेवलं आहे. डॉर्सींनी देवाशी भांडूनच गीत लिहिलं (प्रश्न १०), कूपर बरे झालेच नाहीत (प्रश्न ५), स्पॅफर्डांना बहुधा वर्षं लागली (प्रश्न २).

उपासनेत तुम्ही गप्प उभ्या राहिलात तरी चालतं. मंडळी एकत्र गाते त्यातला एक अर्थ असा, की एकाचा आवाज बंद पडला तर शेजारचा ते कडवं पुढे नेतो. शेजारी बसणाऱ्या बाईंना एवढंच सांगून ठेवा, की या रविवारी मी गाणार नाही, तुम्ही गा.